राखणदाराची चुकलेली ओळख : ल्युपस आणि शरीराची उपजत प्रतिकारशक्ती

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत आवणीचे दिवस आणि तापाचे दिवस बहुधा एकदमच येतात. खाचरे भरतात, पाड्यांभोवती पाणी साचते आणि आरोग्य उपकेंद्रांत रक्ताचा नमुना देणाऱ्यांची संख्या वाढते. हिवताप, डेंग्यू, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस ही या तापांची परिचित कारणे होत. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आरोग्य कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामस्थ या सर्वांच्याच मनात एक सूत्र पक्के झाले आहे : ताप आला की जंतू शोधावा. हे सूत्र बहुतेक वेळा खरे ठरते आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले आहेत.

परंतु काही ताप असे असतात की त्यांत जंतू सापडत नाही. कारण तो मुळात नसतोच. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटलेली असते. अशा व्याधींना स्वयंप्रतिकार व्याधी म्हणतात. त्यांतील एक प्रमुख व्याधी म्हणजे ‘ल्युपस’. ती संसर्गजन्य नाही. एकापासून दुसऱ्याला होत नाही. मात्र वेळीच ओळखली नाही तर मूत्रपिंडे, हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांपर्यंत पोचते.

ही व्याधी विरळा आहे हे खरे. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिचे प्रमाण एक लाख लोकसंख्येत सुमारे ३.२ इतके आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू व तलासरी या तालुक्यांची एकत्रित लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख आहे. तेच प्रमाण येथे लावून पाहिले तर रुग्णसंख्या अठराच्या आसपास येते. अन्य देशांतील अनेक पाहण्यांत याहून बरेच अधिक प्रमाण दिसून आले आहे. एवढ्या थोड्या रुग्णांसाठी लेख कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या रुग्णांपैकी बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातील स्त्रिया असतात. त्यांच्यावर घर, शेती आणि लहान मुले अवलंबून असतात. शिवाय या व्याधीवर आज उपयुक्त उपचार उपलब्ध आहेत. प्रश्न उरतो तो वेळेवर शंका येण्याचा. आणि ती शंका दवाखान्याच्या बाहेर, शाळेत किंवा पाड्यावरही येऊ शकते.

नाव आणि इतिहास

‘ल्युपस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा असा आहे. चेहऱ्यावरील चट्टे व व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, या समजुतीतून मध्ययुगीन युरोपातील वैद्यांनी हे नाव रूढ केले. दीर्घकाळपर्यंत हा केवळ त्वचेचा विकार मानला जात असे. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ मॉरिट्झ कापोसी यांनी १८७२ साली असे दाखवून दिले की, या विकारात ताप, सांधेदुखी आणि आतील अवयवांची हानीही होऊ शकते. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक चमत्कारिक पेशी आढळली. त्या पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले होते. शरीर स्वतःच्याच केंद्रकद्रव्यावर चालून जाते, याचा हा पहिला डोळ्यांनी दिसलेला पुरावा होय.

त्या काळी या रोगाचे भवितव्य बिकट होते. १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात असल्याचे दिसून आले. आज जेथे नियमित उपचार मिळतात तेथे पाच वर्षांनंतर दर शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्ण हयात असतात. हा फरक औषधांनी पडला, तसाच लवकर होणाऱ्या निदानानेही पडला.

संरक्षणाच्या दोन फळ्या

ल्युपस समजून घ्यावयाचा तर शरीराची संरक्षणव्यवस्था थोडक्यात पाहिली पाहिजे. या व्यवस्थेच्या दोन फळ्या आहेत. पहिली उपजत प्रतिकारशक्ती. ती जन्मतःच असते, तिला शिकवावे लागत नाही आणि शत्रू दिसताच काही मिनिटांत ती कामाला लागते. त्वचा, श्लेष्मल आवरणे, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तातील ‘पूरक’ नावाची प्रथिने आणि धोक्याचा इशारा देणारी रसायने हे तिचे घटक होत. दुसरी फळी अर्जित प्रतिकारशक्तीची. ती प्रत्येक शत्रूची ओळख करून घेते, त्याच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे तयार करते आणि ती ओळख लक्षात ठेवते. लसीकरणाचा पाया हीच दुसरी फळी आहे.

पहिल्या फळीचा शोध रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी लावला. १८८२ साली तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी काटा टोचला आणि भक्षक पेशी त्या काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. या संशोधनासाठी १९०८ साली त्यांना पॉल अर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते. परळ येथील त्यांच्या नावाची संस्था महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे.

या दोन फळ्यांचे परस्परसंबंध शेताच्या राखणीवरून चांगले ध्यानात येतात. भात निसवल्यावर शेतकरी माळा बांधून रानडुकरांपासून राखण करतो. माळ्यावरचा राखणदार म्हणजे उपजत प्रतिकारशक्ती. काळोखात सळसळ होताच तो आरोळी देतो आणि मशाल पेटवतो. ती आरोळी ऐकून काठ्या घेऊन धावत येणारे गावकरी म्हणजे अर्जित प्रतिकारशक्ती. राखणदाराने योग्य वेळी आरोळी दिली तर पीक वाचते. मात्र वाऱ्याने हलणाऱ्या स्वतःच्याच लोंब्यांना तो डुक्कर समजू लागला आणि रात्रभर ओरडत राहिला, तर धावून आलेले गावकरीच पीक तुडवून टाकतात. ल्युपसमध्ये नेमके हेच घडते.

फार दिवस संशोधकांचे लक्ष गावकऱ्यांवर, म्हणजे प्रतिपिंडांवर केंद्रित झाले होते. रुग्णाच्या रक्तात स्वतःच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे सापडत असल्यामुळे ते स्वाभाविकही होते. गेल्या काही दशकांत मात्र असे स्पष्ट झाले आहे की, माळ्यावरच्या राखणदाराची चूक समजल्याखेरीज या व्याधीचा उलगडा पूर्ण होत नाही.

ओळख कोठे चुकते?

राखणदार शत्रू ओळखतो कसा? भक्षक पेशींवर आणि त्यांच्या आत काही विशिष्ट ग्राहक प्रथिने असतात. जंतूंच्या अंगी असणाऱ्या ठरावीक खुणा ती ओळखतात. यांतील एका महत्त्वाच्या गटाला ‘टोल-सदृश ग्राहक’ असे म्हणतात. फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या पथकाने १९९६ साली फळमाशीतील टोल प्रथिनाचे संरक्षक कार्य दाखवून दिले. १९९८ साली अमेरिकेतील ब्रूस बॉयटलर यांच्या पथकाने उंदरातील तत्सम ग्राहकाचे कार्य उघड केले. २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता.

या ग्राहकांपैकी सातवा आणि नववा हे ल्युपसच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. सातवा ग्राहक आरएनए ओळखतो, तर नववा डीएनए ओळखतो. ही दोन्ही द्रव्ये विषाणूंत व जीवाणूंत जशी असतात तशीच आपल्या प्रत्येक पेशीतही असतात. मग गोंधळ कसा होत नाही? निसर्गाने त्यासाठी एक युक्ती केली आहे. हे दोन ग्राहक पेशीच्या आतील एका आम्लयुक्त पिशवीत, म्हणजे तिच्या जठरातच म्हणा ना, ठेवलेले असतात. पेशीने गिळलेल्या वस्तूच तेथे येतात. स्वतःची केंद्रकद्रव्ये आपापल्या जागी सुरक्षित असल्यामुळे एरवी त्यांची गाठ या ग्राहकांशी पडत नाही.

शरीरात दररोज असंख्य पेशी मरत असतात. त्यांचा केरकचरा भक्षक पेशी गुपचूप उचलतात. या सफाईत पूरक प्रथिनांचे मोठे साहाय्य असते; कोणता कचरा उचलावयाचा यावर ती जणू खूण करतात. या गटातील पहिले प्रथिन जन्मतःच नसणाऱ्या व्यक्ती फार क्वचित आढळतात, पण त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्युपस होतो. सफाई आणि ल्युपस यांचा संबंध किती निकटचा आहे हे यावरून दिसते.

सफाई रेंगाळली की कचरा साचतो. त्यातील डीएनए व आरएनए उघडे पडतात आणि प्रतिपिंडे त्यांना चिकटतात. कचरा व प्रतिपिंड यांचे हे जोडगोळे काही खास पेशी गिळतात, आणि जे स्वकीय द्रव्य सातव्या व नवव्या ग्राहकांसमोर कधी यावयाचे नाही तेच तेथे येऊन पोचते. ग्राहकाला वाटते, विषाणू शिरला! पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचे रसायन मोठ्या प्रमाणावर सोडते.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांनी लावला. विषाणूंविरुद्ध साऱ्या शरीराला सावध करणारी ही आरोळी होय. साध्या तापात अंग मोडून येते, भूक मरते आणि थकवा येतो, त्यात या रसायनाचाही हात असतो. विषाणू नष्ट झाला की आरोळी थांबते. ल्युपसमध्ये ती थांबत नाही, कारण ‘शत्रू’ म्हणजे आपलाच देह असतो. १९७९ साली रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन वाढलेले आढळले. २००३ साली एकाहून अधिक संशोधक गटांनी असे दाखवले की, अनेक रुग्णांच्या रक्तपेशींत इंटरफेरॉनने जागी केलेली जनुके एकाच वेळी कार्यरत असतात. हे इंटरफेरॉन प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींना आणखी चेतवते. अधिक प्रतिपिंडे, अधिक जोडगोळे, पुन्हा अधिक इंटरफेरॉन असे दुष्टचक्र सुरू होते.

या चक्रात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. जंतूंना अडकविण्यासाठी काही पांढऱ्या पेशी मरता मरता आपल्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात. २००४ साली बर्लिन येथील संशोधकांनी हे जाळे प्रथम वर्णिले. ल्युपसच्या अनेक रुग्णांत अशी जाळी अधिक प्रमाणात फेकली जातात आणि ती लवकर साफ होत नाहीत, असे पुढे आढळून आले. रक्षणासाठी टाकलेले जाळे अशा रीतीने नव्या कचऱ्याचे कारण बनते.

ऊन लागल्यावर रोग का बळावतो, याचाही उलगडा येथे होतो. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मरतात. निरोगी माणसात त्यांची सफाई होते; ल्युपसच्या रुग्णात हाच कचरा नवी आरोळी उठवतो. भर उन्हात आवणी, कापणी किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही केवळ पुस्तकी माहिती नव्हे.

स्त्रियांनाच अधिक का?

ल्युपसच्या दर दहा प्रौढ रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. यात संप्रेरकांचा भाग आहेच. परंतु उपजत प्रतिकारशक्तीकडूनही एक उत्तर मिळाले आहे. सातव्या ग्राहकाचे जनुक क्ष गुणसूत्रावर असते. स्त्रियांत ही गुणसूत्रे दोन आणि पुरुषांत एकच. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक क्ष गुणसूत्र बंद ठेवलेले असते. परंतु हे जनुक काही पेशींत त्या बंदोबस्तातून निसटते व दुहेरी काम करते. २०२२ साली कॅरोला विनुएसा यांच्या पथकाने बालपणीच ल्युपस झालेल्या एका मुलीत या जनुकातील एकाच अक्षराएवढा बदल दाखवून दिला. तो बदल उंदरांत घातला असता त्यांनाही ल्युपससारखी व्याधी जडली. राखणदाराची चूक हेच रोगाचे मूळ असू शकते, याचा हा अत्यंत स्पष्ट पुरावा ठरला.

अशी घातक जनुके पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहतात, असाही प्रश्न पडतो. त्याचे एक उत्तर हिवतापाकडे बोट दाखवते. प्रतिकार-पेशींवर ‘लगाम’ म्हणून काम करणाऱ्या एका ग्राहकाचा सैल प्रकार काही मानवसमूहांत आढळतो. केनिया, हाँगकाँग व ब्रिटन येथील लोकांच्या अभ्यासातून २०१० साली असे दिसून आले की, हा सैल लगाम ल्युपसचा धोका वाढवतो, पण तीव्र हिवतापापासून संरक्षणही देतो. हिवतापाच्या प्रदेशात अतिदक्ष राखणदार एकेकाळी उपयोगाचा होता. सिकलसेलच्या जनुकाची कथाही अशीच असल्याचे वाचकांना माहीत असेल.

हिवतापाच्या गोळीचे दुसरे कार्य

डहाणू-तलासरीच्या आरोग्य सेवकाला क्लोरोक्विनची गोळी नवी नाही. तिचीच बहीण असलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसच्या उपचारातील आधारशिला आहे. या संबंधाची सुरुवात जुनी आहे. लंडनमधील पेन या वैद्याने १८९४ साली ल्युपससाठी क्विनीन वापरल्याचे नमूद केले. १९५१ साली पेज यांनी मेपाक्रिन या हिवतापविरोधी औषधाचा चांगला परिणाम प्रसिद्ध केला. त्यानंतर काही वर्षांतच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वापरात आले.

हिवतापाच्या परोपजीवीचे जठर आणि आपल्या पेशीची आम्लयुक्त पिशवी या दोन्ही ठिकाणी ही औषधे साठतात. परोपजीवीला त्यामुळे रक्तातील विषारी अवशेष पचविता येत नाहीत आणि तो मरतो. आपल्या पेशीत मात्र सातव्या व नवव्या ग्राहकांना डीएनए-आरएनए ओळखणे कठीण जाते आणि आरोळी मंदावते. शतकभर ज्याचे कारण ठाऊक नव्हते त्या अनुभवाला उपजत प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाने असे स्पष्टीकरण पुरवले.

कॅनडातील एका प्रयोगात, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या स्थिर रुग्णांचे हे औषध थांबवले त्यांच्यात रोग उसळण्याचे प्रमाण औषध चालू ठेवलेल्यांच्या सुमारे अडीच पट होते. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये, हा यातील धडा होय. मार्च २०२० मध्ये करोनावर हे औषध चालेल या आशेने त्याची एकाएकी मागणी वाढली आणि अनेक ठिकाणी ल्युपसच्या रुग्णांना ते मिळेनासे झाले. केंद्र शासनाने तेव्हा त्याच्या निर्यातीवर व किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. पुढे मोठ्या चाचण्यांत करोनावर त्याचा उपयोग नसल्याचे सिद्ध झाले.

हे औषध मनाने घ्यावयाचे नाही. त्याची मात्रा वजनानुसार ठरते, साधारणपणे दर किलोस दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत. दीर्घ वापरात डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आरंभी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतपासणी आवश्यक असते. रोग तीव्र असेल तर स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती आवरणारी अन्य औषधे द्यावी लागतात. इंटरफेरॉनचा ग्राहकच अडविणारे ॲनिफ्रोलुमॅब हे औषध अमेरिकेत २०२१ साली मान्य झाले. राखणदाराच्या आरोळीवरच थेट उपाय करण्याचा तो प्रयत्न आहे.

निदान का हुकते?

या दोन तालुक्यांत ल्युपस दुसऱ्या रोगांच्या आड सहज लपतो. ताप आणि थंडी दिसली की हिवतापाचा संशय येतो. रक्तातील पांढऱ्या पेशी व बिंबिका घटल्या की डेंग्यू वाटतो. वजन घटणे, रेंगाळणारा ताप आणि छातीत पाणी ही क्षयाची लक्षणे ल्युपसमध्येही दिसतात. सांधेदुखी आणि पंडुरोग पाहून सिकलसेलकडे लक्ष जाते. पालघर जिल्ह्यात सिकलसेल नियंत्रणाचे कार्य चालू असल्याने हे योग्यच आहे. मात्र सिकलसेल असलेल्या व्यक्तीलाही ल्युपस होऊ शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या सर्व रोगांच्या तपासण्या प्रथम झाल्याच पाहिजेत, कारण ते अधिक प्रमाणात आढळतात. प्रश्न त्यानंतरचा आहे. डेंग्यू एक-दोन आठवड्यांत ओसरतो; हिवताप योग्य औषधाने उतरतो; क्षयाच्या उपचारानेही काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. तपासण्या नकारात्मक आल्या, उपचार झाले आणि तरीही तीन आठवड्यांहून अधिक काळ ताप राहिला किंवा पुनःपुन्हा आला, तर दुसऱ्या दिशेने विचार करावा. त्याच्या जोडीला पुढीलपैकी काही असेल तर शंका बळावते : दोन्ही हातांचे लहान सांधे सुजून सकाळी आखडणे, गाल व नाकावर पसरणारा आणि उन्हाने वाढणारा चट्टा, तोंडात न दुखणारे व्रण, केस झपाट्याने गळणे, पायांवर व पापण्यांवर सूज, श्वास घेताना छातीत दुखणे, वारंवार गर्भपात, अकारण आलेले झटके किंवा भ्रम. पुस्तकांतील चित्रांत हा चट्टा लालभडक दिसतो. सावळ्या त्वचेवर तो काळसर किंवा तपकिरी असतो आणि उन्हाने रापलेला चेहरा समजून दुर्लक्षिला जातो.

सर्वांत मोठी हानी मूत्रपिंडांची होते. सुमारे चाळीस टक्के रुग्णांत प्रतिपिंडांचे जोडगोळे मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात व तेथे पूरक प्रथिने दाह उत्पन्न करतात. आरंभी काहीच दुखत नाही. लघवीला फेस येतो, रक्तदाब वाढतो आणि पायांवर सूज चढते, तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मात्र लघवीतील प्रथिन दाखवणारी पट्टी ही अत्यंत साधी तपासणी आहे. गरोदर स्त्रियांसाठी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात वापरली जातेच. न उतरणाऱ्या तापाच्या तरुण रुग्णाची लघवी याच पट्टीने तपासणे व रक्तदाब मोजणे, एवढ्यानेही एखादे मूत्रपिंड वाचू शकते.

पुढील निदान मोठ्या रुग्णालयात होते. केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी प्रथम करतात. ती नकारात्मक आल्यास ल्युपसची शक्यता फार कमी असते. उलट ती सकारात्मक आली म्हणजे ल्युपस झालाच असे नव्हे, कारण काही निरोगी माणसांतही ती तशी येते. म्हणून लक्षणे, रक्तातील पूरक प्रथिनांची पातळी आणि लघवीची तपासणी यांचा एकत्रित विचार तज्ज्ञ करतात. पूरक प्रथिने दाहात खर्च होत असल्यामुळे रोग उसळला की त्यांची पातळी उतरते. उपजत प्रतिकारशक्तीचा हा भाग अशा रीतीने रोगाचा मापकही ठरतो.

उपलब्ध सोयी

तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, तसेच डहाणू व कासा येथील उपजिल्हा रुग्णालये हे या भागातील संदर्भसेवेचे पहिले टप्पे होत. डहाणू येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र चालते. सर्पदंशासारख्या या भागातील प्रश्नावर त्याने काम केले आहे. मुंबईत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात परिषदेचीच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने पश्चिम भारतातील ल्युपस रुग्णांच्या प्रतिपिंडांचा अभ्यास केला आहे. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी धावू लागल्याने मुंबईचा प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. तलासरीतील काही रुग्ण जवळचे म्हणून वापी, सिल्वासा किंवा वलसाड येथे जातात. रुग्ण कोठेही गेला तरी त्याचे कागद त्याच्याबरोबर राहणे महत्त्वाचे.

संधिविकार हे शहरी सुखवस्तूंचे दुखणे होय, असाही एक समज आहे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघर जाऊन सांधे व स्नायूंच्या विकारांची पाहणी सुरू केली. खेड्यातही हे विकार मोठ्या प्रमाणावर असल्याचे तीतून स्पष्ट झाले.

आपण काय करू शकतो?

आश्रमशाळांतील व जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांच्या नजरेस मुली रोज पडतात. ताप, सांधेदुखी, गळणारे केस किंवा सुजलेला चेहरा यांमुळे एखादी मुलगी वारंवार गैरहजर राहत असेल, तर तिला आळशी न ठरवता आरोग्य केंद्रात पाठवावे. बालवयातील ल्युपस प्रौढांपेक्षा अधिक तीव्र असतो. निदान झालेल्या मुलीला भर उन्हातील कवायतीतून सूट द्यावी आणि हा रोग संसर्गजन्य नसल्याचे वर्गात स्पष्टपणे सांगावे.

पंचायत सदस्यांनी व गावच्या आरोग्य समितीने रुग्णाच्या प्रवासखर्चाची आणि सोबतीची अडचण समजून घ्यावी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर स्थलांतर करतात. त्या वेळी रुग्णाजवळ पुरेशी औषधे आणि तपासण्यांचे कागद आहेत की नाहीत, हे आशा सेविकेमार्फत पाहावे. झटके किंवा भ्रम झाल्यास पाड्यावर प्रथम भगताकडे जाण्याची रीत आहे. भगताचा अवमान न करता त्यालाच विश्वासात घेऊन रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पोचवावे. भगताचा शब्द पाड्यावर मानला जातो, त्याचा उपयोग करून घेणे शहाणपणाचे आहे.

रुग्णाने व कुटुंबीयांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, स्टेरॉइडची गोळी एकाएकी बंद करू नये. ती घेत असताना शरीरातील स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते आणि अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. दुसरी, उन्हापासून बचाव. पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावर पदर किंवा टोपी आणि शक्यतो सकाळ-संध्याकाळचे काम. तिसरी, गर्भधारणा रोग किमान सहा महिने शांत असताना व डॉक्टरांच्या सल्ल्याने. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही सहसा चालू ठेवतात. आणि ल्युपस असलेली स्त्री माता होऊ शकते, हे तिच्या सासरच्यांना सांगितलेच पाहिजे. अन्यथा रोगापेक्षा घर तुटण्याचे दुःख तिला अधिक भोगावे लागते.

डहाणू-तलासरीने हिवतापाशी दीर्घकाळ झुंज दिली. त्या कामासाठी पाड्यापाड्यांपर्यंत जाणारे आरोग्य सेवक आणि रक्त तपासण्याची सवय ही या भागाची कमाई आहे. याच यंत्रणेने आता एक पाऊल पुढे टाकावयाचे आहे. ताप आला तर रक्त तपासावे, हे सूत्र कायम राहीलच. त्याला एवढीच जोड द्यावी : रक्तात जंतू सापडला नाही आणि ताप हटला नाही, तर लघवीही तपासावी आणि रुग्णाला पुढे पाठवावे.